टाकी भरून देणारा चोर

"माझी गाडी दर गुरुवारी चोरीला जाते," बाई म्हणाल्या, "आणि दुपारी जागेवर परत येते. वर टाकी भरलेली असते."

भावोजींनी चहाचा कप खाली ठेवला. "मग तक्रार कसली? त्या चोराला आमचाही पत्ता द्या."

भिंगरी हसली नाही. ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होती. एका जागी बसणे तिला लहानपणापासून जमले नव्हते, म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवले आणि पुढे खासगी तपासाच्या धंद्यातही तेच चिकटले. भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर स्वयंपाकघरात लुडबुड करत, म्हणून बहिणीने त्यांना मदतनीस म्हणून इकडे पिटाळले होते. त्यात मदत नक्की कोणाला झाली, हे कोणी विचारत नसे.

"पोलिसांत का गेला नाहीत?" भिंगरीने विचारले.

"कुठल्या तोंडाने जाऊ? गाडीचे कागदच नाहीत माझ्याकडे."

बाईंचे बाजारामागच्या गल्लीत चष्म्याचे दुकान होते. डोळे तपासायची पेटी घेऊन कारखान्यांत फिरायचे म्हणून त्यांनी ऑनलाइन जाहिरात बघून जुनी गाडी घेतली. फारशी न वापरलेली, एकाच मालकाची, असे जाहिरातीत लिहिले होते. विकणारा मिशीवाला गोड बोलला. गाडी मामांची आहे, मामा परदेशात आहेत, कागद आठवड्यात घरपोच येतील, असे सांगून त्याने पैसे घेतले, एक चावी हातात ठेवली आणि त्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

"महिनाअखेरीस एका मोठ्या कारखान्याचं काम सुरू होतंय," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "कागद दाखवल्याशिवाय तिथे फाटकातून गाडी आत घेत नाहीत. ते काम गेलं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल मला. रस्त्यात शिट्टी वाजली तरी वाटतं, मलाच थांबवतायत. आज गाडी परत आल्यावर मी आधी डिकी उघडून बघितली, कोणी आत नको ते ठेवलं असेल म्हणून, आणि तपासणी अर्धी सोडून तशीच इकडे आले. अहो, सख्ख्या भावाचासुद्धा संशय यायला लागलाय!"

"भावाचा का?"

"जाहिरात त्यानेच शोधली होती. आता विषय काढला की उठून जातो."

भिंगरीने चपला घातल्या. भावोजींचा चहा अर्धाच राहिला.

दुकानाच्या दारावर ठळक पाटी होती: गुरुवारी दिवसभर तपासणी दुकानातच. दुकानाला लागून एक बोळ होता, पलीकडून भिंतीने बंद. गाडी त्यात नाक खुपसून उभी होती. दुकानात बसलेल्याला ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आत बाकावर एक ठेंगणीशी, नीटनेटकी आजी बसली होती. तिने चष्मा पुढे केला.

"परत ढिला झाला?" बाईंनी बारीक पेचकस उचलला. "आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू एकदम कसे हो ढिले होतात तुमचे?"

"डोक्यावर चढवते, खाली ओढते. सवयच वाईट." आजी बाईंकडे बघत राहिली. "तुम्ही दमलेल्या दिसता. बरं आहे ना सगळं?"

"चाललंय," बाई म्हणाल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत. आजी उठली तेव्हा दोघींचे डोळे अगदी एका उंचीवर आले.

बोळात भिंगरीने गाडीचे दार उघडले. कुलपावर ओरखडा नव्हता. पायाखालची रबरी चटई लख्ख धुतलेली होती.

"ही तुम्ही धुतलीत?"

"छे! मला कुठला वेळ?"

"चालवणाऱ्याची सीट?"

"मी बुटकी, पार पुढे घेऊन बसते. ती दर वेळी तश्शीच असते. शेजारची मात्र शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेलेली असते आणि पाठ आडवी केलेली."

भावोजींनी आत डोकावून मान हलवली. "म्हणजे चोर शेजारी झोपतो."

"आणि गाडी कोण चालवतं, भावोजी? त्याचं स्वप्न?" भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दोघे मेकॅनिककडे गेली. गाडी घेतल्यावर बाईंनी ती त्याच्याकडे दाखवली होती. एक रात्र चावी त्याच्यापाशीच होती. माणूस दणकट, पोट त्याच्या आधी गॅरेजबाहेर आले.

"फारशी न वापरलेली?" तो खो खो हसला. "क्लचच्या पेडलचं रबर बघा, खालच्या कडेला गुळगुळीत झालंय. फक्त खालच्या. वर्षानुवर्षं चालवलीय कोणीतरी. आणि रिव्हर्सला खोड आहे. आधी गिअर तिसऱ्यात टाकायचा, मग दांडा दाबून मागे. मी तासभर झटलो. शेवटी बाईंनीच दाखवलं."

"बाईंना कसं जमलं?"

"आठवडाभर रडल्या म्हणे त्या दांड्याशी."

"चावीची नक्कल केलीत?"

मेकॅनिकचे हसू मावळले. "ताई, मला चोरायची असती तर परत कशाला आणली असती? आणि पेट्रोल भरून? मी एवढा खुळा दिसतो?"

तिथून ती दोघे बाईंच्या धाकट्या भावाकडे गेली. तो दारातून वाकूनच बाहेर आला, इतका उंच. भिंगरीने जाहिरातीतला फोटो मागितला. फोटोत गाडी एका घराच्या फाटकापाशी उभी होती. मागे दाराच्या पायऱ्यांवर नवी कोरी फळी तिरकी टाकलेली होती.

"ही फळी कसली?"

"घराचं काम चालू असेल. मी कशाला विचारू?"

"कागद तरी विचारलेत का?"

भावाचे कान लाल झाले. तो फोनच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिला. "ताईला मी सांगितलं की कागद बघितले. नव्हते बघितले. तो म्हणाला, आहेत, मी म्हटलं, असतील. आता कुठल्या तोंडाने सांगू तिला?"

"गाडी तुमच्या हातात दिली तेव्हा मिशीवाल्याने ती फाटकातून कशी बाहेर काढली?"

"फाटकातून नाही, पेट्रोल पंपावर दिली. तिथे त्याला मागे घेता येईना. मग आम्ही दोघांनी ढकलली." भाऊ थांबला. "मामांची गाडी म्हणाला. मला वाटलं, हात बसला नसेल."

परत येताना भावोजी खूश होते. "गुरुवारी बोळात लपतो. आला की धरतो मानगूट."

"धरून काय करणार? बाईंना चोर नकोय, कागद हवेत. मानगूट धरलेलं माणूस कागद देत नाही. ते आपल्या पायाने आत यायला हवं."

"कशावरून येईल?"

"दर गुरुवारी येतंच की."

भावोजींना काही कळले नाही, पण कळल्यासारखी मान त्यांनी हलवली.

पुढच्या गुरुवारी गाडी सकाळीच गेली. भिंगरीने ती जाऊ दिली. दुकानात मेकॅनिक आणि भाऊ खुर्च्यांवर अवघडून बसले होते. बाईंच्या हातून एक काच पडून फुटली, तशा त्या केर काढता काढता रडायलाच लागल्या. दुपारी बोळात इंजिन वाजले आणि बंद झाले. बाई उठणार, तोच भिंगरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

थोड्या वेळाने आजी आत आली. बाकावर बसून तिने चष्मा काढला.

"आज मी बघते," म्हणत भिंगरीने तो घेतला. दोन्ही काड्या लोंबत होत्या. "स्क्रू झिजून ढिला होतो तेव्हा एका बाजूचा होतो. दोन्ही बाजूंचे, दर वेळी, सारखेच ढिले होत असतील तर ते कोणीतरी नखाने फिरवलेत. बसा, आजी. थोडा वेळ लागेल."

आजीने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"चोराला नुकसान करायचं नव्हतं," भिंगरी फेऱ्या घालत म्हणाली. "पेट्रोल भरतो, चटई धुतो. परक्याची वस्तू वापरल्याचा त्याला संकोच आहे. बाई गुरुवारी जागच्या हलत नाहीत हे त्याने पाटीवर वाचलं, म्हणजे त्याचं इथे येणं-जाणं आहे. कुलूप न तोडता गाडी जाते. चाव्या दोन असतात, बाईंना मिळाली एकच."

"मग मिशीवाला!" भावोजी म्हणाले.

"बोळातून गाडी फक्त रिव्हर्सने निघते. मिशीवाल्याला ती पंपावर ढकलावी लागली. त्याने ती कधी नीट चालवलेलीच नाही."

भाऊ मेकॅनिककडे बघायला लागला. मेकॅनिक उसळला, "मला रिव्हर्स येतो, पण—"

"पण तुमचं पोट त्या सीटवर मावणार नाही, आणि भावाचे गुडघेही. सीट मागे घेऊन पुन्हा पुढे करता आली असती, असं म्हणाल. पण इतका जपून वागणारा माणूस शेजारची सीटही नीट करून गेला असता. ती तशीच राहते, कारण सीटचा विचार त्याच्या डोक्यात येतच नाही. पुढे ओढलेली सीट त्याला नेमकी बसते. म्हणजे तो बाईंच्या उंचीचा. पेडल खालच्याच कडेला झिजलंय, तेही लहान पावलानं, वर्षानुवर्षं. म्हणजे चोर 'तो' नाही, 'ती' आहे. गाडीची खरी चालवणारी तीच, चावी तिचीच आणि गाडीही तिचीच."

भिंगरीने फेऱ्या थांबवल्या आणि ती आजीसमोर उभी राहिली.

"शेजारी बसतो त्याला पाय दुमडता येत नाही. फोटोतली फळी घराच्या कामाची नाही, चाकांच्या खुर्चीची आहे. आजी, यजमानांच्या पायाचे उपचार गुरुवारी असतात का?"

आजीचा धीर सुटला.

"भाड्याच्या गाडीवाले पाय बघून निघून जातात," ती म्हणाली. "एकदा नेलं तर हे वाटभर ओरडत होते. ते दवाखान्यात होते, मी उशाशी होते, तेव्हा मुलाने गाडी विकली. मला म्हणाला, चोरीला गेली. मी इथे चष्मा करायला आले, तर बोळात माझी गाडी! तुम्ही किती हौसेने सांगितलंत, ऑनलाइन घेतली. फोटो दाखवलात. फोटोत माझंच घर."

"मग बोलला का नाहीत?" चष्मेवाल्या बाई ओरडल्याच. "मी रात्र-रात्र जागून काढल्या हो!"

"बोलले तर तो तुरुंगात जाईल. गाडी ठेवली की तुम्हाला बघायला येत होते. आज तरी ठीक असतील, म्हणून." आजीने पर्समधून जुनी प्लास्टिकची पिशवी काढली. "कागद माझ्या नावाचे आहेत. दर गुरुवारी आणते आणि परत नेते. सही करून देते. फक्त त्याच्याविरुद्ध तक्रार करू नका."

बाईंनी पिशवीकडे बघितले. महिनाअखेर आली होती. हात पुढे करायचा, एवढेच काम होते.

"त्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लुबाडलं, मलाही लुबाडलं. एकदा समोर येऊन कबूल करू दे, मग मी तक्रार नाही करत."

आजीने फोन लावला. त्याचा दुसरा नंबर तिच्याकडे होता. "अरे, मी चष्म्याच्या दुकानात आहे," ती हळू बोलत होती. "त्या बाई समोर आहेत. नाही, ओरडणार नाहीत. तू फक्त ये. येऊन एवढंच म्हण, की चुकलं. मी आहे ना इथे?"

पलीकडून आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला. त्या गाडीचा आणि त्याचा काही संबंध नाही, आई म्हातारी झाली आहे, तिला काहीही आठवते, असे तो म्हणाला. मग फोन बंद झाला.

आजीने फोन पर्समध्ये टाकला. भावोजींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तिने तो घेतला नाही. पिशवीतून कागद काढून तिने काउंटरवर सरळ केले, बाईंकडून पेन मागितले आणि सही केली.

"आजी, गुरुवारी गाडी तुम्हीच न्यायची," बाई म्हणाल्या. "मला विचारायचं नाही."

आजीने मान डोलावली, पण तिचे लक्ष भिंगरीकडे होते.

"पोलिसांत लिहून द्यायचं असेल तर साक्षीला मी आहे," आजी म्हणाली. "सगळं आठवतंय मला. आणि तो माझा मुलगा आहे, हेही त्यात लिहा."