पिल्लाकडची घरपाहणी

खोरी जातीच्या कुत्रीने एकदा बसायचं ठरवलं की तिला उठवायला भूकंप लागतो, आणि तोही जरा मोठाच. त्या दिवशी खोरी कुत्र्यांची जात जपणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरीच्या हातातली साखळी सुटली, कुत्री रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरली आणि नुकतंच नवं कापड चढवलेल्या सोफ्यावर तिने असं अंग टाकलं, जसा काही तो तिच्या माहेरून आला होता.

"ऊठ! ऊठ म्हणते ना!" सेक्रेटरीने ओढलं, ढकललं, शेवटी चक्क हात जोडले.

सोफ्यामागून एक डोकं वर आलं. ओठांत खिळे धरलेले, केसांत कापूस.

"राहू द्या हो," एकही खिळा न सांडता सोफेवाला म्हणाला. "स्प्रिंगा तरी तपासून होतील."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. पण तुम्हीच एवढ्या रागावलात… माझ्या रागाला बसायला जागाच उरली नाही."

बाहेर एक आडमुठी सर आली आणि पत्र्यावर ताशा वाजवायला लागली. आता निघायचं तरी कसं! सेक्रेटरी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली. तो कुत्रीच्या कानामागे खाजवत होता — नेमकं तिथेच, जिथे खोरी कुत्री विरघळते. सेक्रेटरीला उगाचच आपणही विरघळल्यासारखं झालं.

"पोटुशी आहे वाटतं," तो म्हणाला. "एक पिल्लू मला द्याल?"

"असं मिळत नाही. आधी घरपाहणी होते."

"स्थळ बघायला येतात तशी?"

"तशीच. फक्त आम्ही पिल्लाकडचे."

"पिल्लाकडून कोण येणार?"

"मी."

"मग या," तो म्हणाला आणि खिळा ठोकायचा सोडून अंगठाच ठोकून घेतला.

हे घरपाहणीचं खूळ का, ते सांगायलाच हवं. मंडळाचा संस्थापक होता मोठा प्रेमळ माणूस. पिल्लं झाली की जावयाला एक, साडूला एक, उरलेली मेहुण्यांना. बाहेर एक जाईल तर शपथ! पिल्लांची लग्नंही आपसातच. पुढे पुढे कुत्री इतकी एकसारखी झाली, की एकाला रागावलं तर सात घरांतली सात पलंगाखाली जाऊन बसायची. लोक हसायचे. मग एक अख्खं वेत बहिरं निपजलं. आई भुंकायची आणि पिल्लं शांतपणे भिंतीकडे बघत राहायची. त्या दिवसापासून कोणी हसलं नाही. मंडळाने नियम केला: नात्यातल्या जोड्या लावायच्या नाहीत, आणि ज्यांचं आपल्याशी काही नातं आहे त्यांना पिल्लू द्यायचं नाही. घर बघायचं, माणूस बघायचा, आणि पाहणाऱ्याने खरं तेच सांगायचं.

सेक्रेटरी या नियमांवरच वाढलेली. मंडळाची अध्यक्ष तिची सख्खी मावशी. ती तर झोपेतही नियमाने घोरायची.

पिल्लं झाली. सेक्रेटरी पाहणीला गेली आणि दुकानामागच्या खोलीत गुडघा टेकताच "आई गं!" करून उठली. गुडघ्यात खिळा.

"नापास."

दुसऱ्या खेपेला जमीन आरशासारखी स्वच्छ, पण सरसाचा डबा पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर उघडा.

"तुम्हाला डोकं आहे की त्यातही कापूसच भरलाय?"

"वर कापूस, आत स्प्रिंगा," तो नम्रपणे म्हणाला.

तिसऱ्या खेपेला फाटकाची कडी सुटी. सेक्रेटरीने डोळे बारीक केले. "खरं सांगा. मुद्दाम करता ना?"

"हे मुद्दाम. आधीची दोन… ती माझी खरीखुरी अक्कल."

"अहो, पिल्लू रस्त्यावर गेलं असतं!"

"पिल्लू अजून इथे आहे कुठे? तुम्हीच तेवढ्या येता."

तिने त्याला एवढं झापलं, की शेजारचा न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला आला. सोफेवाल्याने खाली मान घालून तिच्यासमोर नवी कडी बसवली. पण मधेच मान वर करून त्याने असं काही बघितलं… की पुढच्या खेपेला सगळं जिथल्या तिथे असूनही ती म्हणाली, "उंबरा उंच आहे. पुन्हा यावं लागेल."

उंबरा कसला, पापडाएवढा जाड!

रस्ता ओलांडला आणि तिचं तिलाच कळलं. आपण खोटं बोललो. पाहणीत!

रविवारी मावशीच्या दिवाणखान्यात समितीची बैठक भरली. एकच पिल्लू उरलं होतं आणि ते सोफेवाल्याच्या कुशीत शिरून त्याचं बटण चघळत होतं. तो इतका हरखला होता, की त्याला खुर्ची दिलेली दिसलीच नव्हती.

"पास का नापास?" मावशीने विचारलं.

"मावशी, मला… मला या पाहणीतून वगळ."

"का?"

"माझा हितसंबंध आहे."

"काय आहे?" खजिनदारकाका कानाला हात लावून म्हणाले. "जरा मोठ्याने!"

"अहो काका, मला हा माणूस आवडतो!" सेक्रेटरी ओरडली. "उंबरा ठीक होता! मला परत जायचं होतं म्हणून नापास केला! झालं समाधान?"

पिल्लूसुद्धा बटण चघळायचं थांबलं.

मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुझं पद गेलं," ती शांतपणे म्हणाली. मग सोफेवाल्याकडे वळली. "आणि तुम्ही. हे एकतर्फी असेल तर तसं सांगा. दुसऱ्या कोणाला पाहणीला पाठवते, पिल्लू तुमचं. दोन्हीकडून असेल, तर तुम्ही नात्यातले झालात, आमच्या घरचं पिल्लू तुम्हाला नाही. आज नाही, कधीच नाही."

सोफेवाल्याने पिल्लाकडे बघितलं. सेक्रेटरीकडे बघितलं. परत पिल्लाकडे…

"एवढा विचार?" सेक्रेटरीचा आवाज चिरकला. "एवढा?"

"जरा थांबा हो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "निरोप घेतोय."

त्याने पिल्लू टोपलीत ठेवलं. ते बाहेर आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा बाहेर. शेवटी मावशीनेच ते उचलून पदराखाली घेतलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"दोन्हीकडून आहे," तो म्हणाला.

दोघं रस्त्यावर आले. एकाच्याही हातात साखळी नाही, पद नाही, काही नाही. कोपऱ्यावर त्याने बाहीने नाक पुसलं.

"अरे, रडतोस काय!" ती वैतागून म्हणाली. "मी आहे ना!"

"आहेस गं… पण त्याचे कान किती मऊ होते."

तिने कपाळावर हात मारला — आणि दुसऱ्या हाताने त्याचा हात घट्ट धरला.