उजवं चाक

तेव्हा त्या नदीवर पूल नव्हता. आता पूल आहे, आणि पुलावरून जाणाऱ्यांना खाली काय काय घडून गेलंय याचा पत्ताही नसतो. उत्तर आइसलँडमधल्या त्या नदीच्या मधोमध दीसाची छोटीशी, मोहरीच्या रंगाची जुनाट जीप रुतली होती, आणि दीसा आधी गाडीला, मग नदीला आणि शेवटी स्वतःला शिव्या देत बसली होती. दाराच्या फटीतून आलेलं पाणी मोज्यांपर्यंत पोचलं होतं.

पलीकडच्या काठावर कंबरेपर्यंतचे रबरी बूट घातलेला एक उंच तरुण गळ टाकून उभा होता. त्याने गळ गुंडाळला, सावकाश... अगदी सावकाश.

"फोर व्हील टाकलंयस का?" त्याने ओरडून विचारलं.

"टाकलंय! मी काही शहरातून आलेली नाही!"

"मग पुढची चाकं सुट्टीवर गेलीत वाटतं!"

तो पाण्यात उतरला, उजव्या चाकापाशी वाकला. "हे लागलंय." मग वळसा घालून तिच्या बाजूला आला, पाण्यात हात घालून चाचपलं, आणि खिडकीतून थेट तिच्याकडे बघितलं. डोळे करडे होते, आणि त्यांत हसू दाबलेलं होतं. "आणि हे डावं? हे कोण लावणार होतं?"

दीसाने खिडकीतून डोकं काढून डाव्या चाकाकडे बघितलं.

गाडीचं नाव लोआ. वसंतात पहिल्यांदा येणाऱ्या पक्ष्याचं नाव, बाबांनी ठेवलेलं. लोआ जुन्या घडणीची. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल खटका होता, आणि खाली उतरून दोन्ही खटके हाताने फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढायची नाहीत. तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. बाबा गाडी चालवायचे, म्हणून डावं चाक त्यांचं. शेजारी बसणाऱ्या दीसाचं उजवं, वयाच्या सातव्या वर्षापासून. "उजवं?" बाबा ओरडायचे. "लागलं!" ही ओरडायची. वीस वर्षं, प्रत्येक नदीवर हेच. मार्चमध्ये बाबा गेले. आता गाडी दीसा चालवायची, पण हात तेच होते. डाव्या दाराने उतरायची, अख्ख्या गाडीला वळसा घालायची, उजवं फिरवायची आणि परत येऊन बसायची. डावं बाबांचं होतं ना.

पाण्याखाली खट्कन आवाज झाला. "जा आता," तो म्हणाला. "दुसऱ्या गिअरमध्ये, हळू. थांबू नकोस."

लोआ काठावर चढली, दोनदा खोकली आणि बंद पडली. त्याने बॉनेट उघडलं आणि तो हसतच सुटला. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर भांडी घासायचा गुलाबी रबरी हातमोजा चढवलेला होता आणि त्याच्या बोटांतून वायरी बाहेर आल्या होत्या.

"हा कोणाचा?"

"आईचा. बाबांनी चोरलेला. पाणी जाऊ नये म्हणून."

"अंगठा फाटलाय. तिथूनच गेलंय पाणी." त्याने स्वेटरच्या टोकाने एकेक वायर पुसली, इतक्या हळुवारपणे की दीसा उगाचच दुसरीकडे बघू लागली. गाडी सुरू झाल्यावर तिने थर्मासातली कॉफी आणि डब्यातल्या तळलेल्या, शंकरपाळ्यांसारख्या क्लेइना पुढे केल्या. त्याचं नाव ओर्री. काय करतोस विचारलं तर म्हणाला, "गाड्या बघतो."

म्हणजे काय ते दहा दिवसांनी कळलं. लोआची वार्षिक तपासणी होती, आणि केंद्रात निळ्या डगल्यात ओर्री उभा! दीसाचा जीव भांड्यात पडला. ओळखीचा निघाला, आता कसली चिंता!

ओर्री गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "दीसा, स्क्रू-ड्रायव्हर चासीतून आरपार गेला. गंज. शिवाय पुढचं बेअरिंग डुलतंय, ब्रेकची नळी झिजलीय." त्याने नंबरप्लेटवर नापासाचं स्टिकर लावलं. "महिना आहे. नाहीतर प्लेटा काढाव्या लागतील."

"माझ्या क्लेइना खाल्ल्या होत्यास तू!"

"पाच खाल्ल्या. म्हणूनच. याच गाडीने परत नदीत जाणारेस ना?"

संतापाने तिला रडू फुटायचं बाकी होतं. इतक्या गंजलेल्या गाडीला हात लावायला गावातलं एकही गॅरेज तयार नव्हतं. महिन्याभरात लोआ भंगारात जाणार, आणि बाबांच्या हातचं जे शेवटचं उरलं होतं तेही जाणार.

रविवारी सकाळी अंगणात वेल्डिंगचं मशीन घेऊन ओर्री हजर.

"शुक्रवारी नापास करतोस आणि रविवारी दुरुस्त करतोस? बरं चाललंय तुझं!"

"कॉफी आहे का?" तो म्हणाला.

असे चार रविवार. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, बेअरिंगं बदलली, नळी टाकली. दीसा पाने द्यायची, मुद्दाम चुकीचा द्यायची, आणि तो न बघता "हा नाही, बाई" म्हणायचा. पाना घेताना बोटं बोटांना लागायची, जरा जास्तच वेळ. तिसऱ्या रविवारी खटके खोलून ग्रीस भरायचं होतं. उजवं तिने केलं.

"आता डावं कर."

"नको... ते तू कर."

त्याने का म्हणून विचारलं नाही. गुपचूप डाव्या चाकापाशी जाऊन बसला. त्या क्षणी दीसाला तो फार आवडला.

फेरतपासणीच्या दिवशी मात्र ओर्री पुढे आलाच नाही. त्याने आपला म्हातारा सहकारी ह्याल्टी याला गाडीखाली पाठवलं.

"तू का नाही?" दीसाने विचारलं.

"घरच्यांच्या गाड्या आम्ही तपासत नाही. नियम आहे."

"मी कुठे तुझ्या घरची?"

ओर्रीचे कान लाल झाले. "नाहीस... म्हणजे, अजून नाहीस. पण या गाडीकडे मला आता सरळ नजरेने बघता येत नाही, दीसा. तिच्या मालकिणीकडे तर त्याहून नाही."

"वरचं सगळं ऐकू येतंय मला!" गाडीखालून ह्याल्टी ओरडला. "प्रेम नंतर करा, आधी कुणीतरी ब्रेक दाबा!"

दीसाने ब्रेक दाबला. गाडी पास झाली. उतरताना ती ओर्रीला म्हणाली, "उद्या डोंगरावरून मेंढ्या उतरवायच्यात. येशील?"

सप्टेंबरचं ऊन पडलं होतं आणि नदी फुगलेली होती. दीसाने काठावर गाडी थांबवली. काही बोलायच्या आत ओर्री आपल्या दाराने उतरला आणि वाकला.

"उजवं लागलं!"

वीस वर्षांत ते शब्द पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून आले होते. दीसा स्टिअरिंग धरून बसून राहिली. मग उतरली. वळसा घालायची गरजच नव्हती, डावं चाक समोरच होतं. लोखंड गार लागलं. बाबांनी किती वेळा फिरवलं असेल हे! ... तिने खटका धरला आणि फिरवला.

"डावं?" पलीकडून हाक आली.

"लागलं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

ओर्रीने बॉनेटवरून डोकावून बघितलं. "रडतेस?"

"ग्रीस गेलं डोळ्यात."

"बरं," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

दीसाने बाहीने डोळे पुसले. "ओर्री... ह्याल्टीला सांगून ठेव. यापुढे दर वर्षी ही गाडी त्यालाच तपासावी लागणार."

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो इतका हसला की काठावरची बदकं उडाली. मग दोघं आपापल्या दाराने आत बसली, आणि लोआ दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, नदीपार गेली.