बांधली, पाहिली

बाबांनी तिच्या हातून चहाचा कप घेतला, एक घोट घेतला, आणि उरलेला सगळा चहा तिच्या डोळ्यांदेखत समुद्रात ओतून टाकला!

"सांग तिला," ते धाकट्याकडे बघत म्हणाले, "साखर जास्त झालीय."

ती समोरच उभी होती... हातभर अंतरावर! ती शिडाची होडी मुळात एवढीशी, की खालच्या खोलीत एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला जाग यावी. आणि अशा होडीतसुद्धा त्या बापाने पोटच्या मुलीशी न बोलण्याचा एकोणीस वर्षांचा नेम मोडला नव्हता. धाकट्याने मान वळवून निरोप पोचवला, "ताई, साखर जास्त झालीय," जणू काही ती चार गावं पलीकडे राहत होती.

"बरं," ती म्हणाली, आणि खाली जाऊन तिने पुन्हा आधण ठेवलं.

प्रवास जाऊन-येऊन पाच दिवसांचा होता. किनारा धरून दिवसभर चालायचं, उन्हं कलली की एखादी शांत खाडी बघून नांगर टाकायचा, सकाळी पुन्हा शीड चढवायचं. आई होती तेव्हा दरवर्षी ते चौघं असेच निघत. बाबा होड्या बांधणारे, गोदीतला सगळ्यात नावाजलेला कारागीर. ही होडी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. आता त्या हातांना कपही जड झाला होता. हृदय थकलंय, फार तर महिना, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्याने एकच हट्ट धरला... मला एकदा त्या खाडीपर्यंत न्या. धाकटा म्हणाला, वेड लागलंय तुम्हाला! पण म्हातारा बधला नाही. "आणि तिलाही घे," ते म्हणाले. "माझे कपडे कोण बदलणार, तू?"

म्हणजे बोलावणं आलं तेही मोलकरणीचं! तरी तिने शिडं शिवण्याची आपली भाड्याची खोली बंद केली, जाड सुया डब्यात घातल्या आणि ती धावत आली. कशासाठी? तर एका शब्दासाठी. सातव्या वर्षी तिने पहिल्यांदा सुकाणू धरलं, तेव्हा बाबांनी सगळ्या गोदीसमोर तिला उचलून खांद्यावर घेतलं होतं आणि म्हणाले होते, "ही माझी कप्तान!" त्या दिवसापासून घरात तिला तेच नाव. कप्तान, वारा कुठला? कप्तान, जेवलीस का? आणि मग तो दिवस आला... आणि कप्तानची 'ती' झाली. मरण्यापूर्वी त्यांनी एकदा, फक्त एकदा तरी त्या नावाने हाक मारावी, एवढ्या आशेवर ती एकोणचाळीस वर्षांची बाई तीन माणसांच्या त्या होडीत भांडी घासत बसली होती. आशा काय चिवट असते हो!

तो दिवस असा होता. ती वीस वर्षांची, धाकटा सोळाचा. याच खाडीत नांगर टाकला. आईला सणकून ताप, म्हणून ती खालीच झोपलेली. पिण्याचं पाणी संपलं होतं, तेव्हा बाबा आणि दोन्ही मुलं लहान होडक्यातून किनाऱ्यावर जायला निघाली. आता बाबांचा या बाबतीत एक नियम होता, आणि तो देवाच्या नियमाहून कडक होता. नांगराच्या दोराला फास बांधून तो पुढच्या खुंटावर चढवायचा, वरून लोखंडी खीळ घालायची, आणि मग ओरडायचं, "बांधली!" ते ऐकून सुकाणूवरच्या माणसाने उठायचं, पुढे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि मगच म्हणायचं, "पाहिली!" त्याशिवाय होडी सोडायची नाही.

त्या दिवशी फास धाकट्याने चढवला. वारा भणाणत होता, त्याचा आवाज मागे पोचेना, म्हणून मध्ये उभ्या असलेल्या तिने त्याच्या वतीने हाळी दिली, "बांधली!" मागून बाबांचं उत्तर आलं, "पाहिली!" आणि ते निघाले.

खीळ घातलेलीच नव्हती. लाटांनी होडी वर-खाली होता होता तो ढिला फास खुंटावरून निसटला, आणि पाण्याचे कॅन भरून ते वळतात तोवर होडी खडकांवर आपटत होती... आईने बाहेर यायची धडपड केली असावी. बाबा पोहत पोचले तेव्हा तिचे केस तेवढे पाण्यावर दिसत होते.

किनाऱ्यावर बाबांनी वल्हं उचललं. "कोणी बांधली होती?" त्या आवाजात माणूस नव्हता! धाकटा थरथर कापत होता, त्याचे ओठ निळे पडले होते. या अवस्थेत बाबा याला मारूनच टाकतील, असं तिला वाटलं, आणि ती मध्ये जाऊन उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "हाळी मीच दिली ना? मीच बांधली होती."

वल्हं न मारताच खाली आलं. त्या क्षणापासून बाबा तिच्याशी बोलले नाहीत. पुढल्याच महिन्यात तिचं लग्न ठरलेलं होतं, तर मुलाच्या वडिलांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, "जिच्या हातून आई गेली, तिच्या हाती घर द्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा." लग्न मोडलं. घर सुटलं. ती गोदीमागच्या गल्लीत शिडं शिवू लागली. आणि धाकटा? त्याने तोंड उघडलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करता करता तो मोठा झाला, गोदीचा मालक झाला, आणि ताई समोर आली की त्याच्या कपाळावर आठी चढू लागली. आपण ज्याचं वाईट केलेलं असतं, त्याचं तोंड बघवत नाही माणसाला!

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा एकदम चढला. धाकटा गोदीत राजा, पण समुद्रावर त्याचं पोट दगा द्यायचं. तो कडेला वाकून ओकत बसला, सुकाणू सुटलं, होडी आडवी फिरली. तिने कुणालाही न विचारता दांडा धरला, गुडघा टेकून शिडाचा दोर खेचला, आणि तोंड वाऱ्याच्या कोनात आणून होडी सरळ केली. एकोणीस वर्षं तिच्या हाताला दांडा लागला नव्हता, पण हात काही विसरले नव्हते. बाबा उशीला टेकून तिच्या हातांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. आता म्हणतील, तिला वाटलं!

"सांग तिला," ते म्हणाले, "शीड थोडं सैल कर म्हणावं."

धाकट्याने वाकल्या वाकल्याच, एका उमाशानंतर आणि दुसऱ्याच्या आधी, निरोप पोचवला. दुसरी कुठली वेळ असती तर तिला हसू आलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांना धाप लागली. तिने गोळ्यांसाठी त्यांची उशाची पत्र्याची डबी घाईघाईने उघडली, तर ती चुकीची डबी निघाली. आत गोळ्या नव्हत्या. एका जुन्या रुमालात गुंडाळलेला, वीतभर कापलेला दोराचा तुकडा होता... नांगराचा जाड दोर, मिठाने पांढरा पडलेला, आणि त्यावर फासाची गाठ अजून तशीच. तिने ती उलटून बघितली. गाठीचं शेपूट बाहेरच्या अंगाला होतं. बाबा सगळ्यांना एकच गाठ शिकवत, तिचं शेपूट आत येई. बाहेर यायचं ते फक्त डावखुऱ्याच्या हातून. आणि त्या घरात डावखुरा एकच होता.

तिने आधी त्यांना गोळी दिली, पाणी पाजलं, पाठ चोळली. धाप बसल्यावर चहा करून त्यांच्या हातात दिला. मग तो तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ही गाठ तुमच्याकडे कधीपासून आहे?"

म्हाताऱ्याची नजर सवयीने धाकट्याकडे वळली. "सांग तिला..."

"तो काही सांगणार नाही!" ती किंचाळली. "मला सांगा, बाबा! माझ्याकडे बघून सांगा!"

सुकाणूवर बसलेल्या धाकट्याने गाठ बघितली, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. बाबांनी गाठीवरून अंगठा फिरवला. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

"त्याच संध्याकाळपासून," ते म्हणाले. "नांगर वर ओढला, तेव्हाच दिसली."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"ताई, देवाशपथ, मला वाटत होतं की बाबांना..." धाकटा सुकाणू सोडून अर्धवट उठला.

"तू सुकाणू सांभाळ," ती म्हणाली. तिचा आवाज विचित्र शांत झाला होता. "मग मला का, बाबा? गुन्हा माझा नाही हे ठाऊक असताना माझं लग्न मोडलंत, मला घराबाहेर काढलंत... का?"

"तो सोळा वर्षांचा होता गं. आईला तूच मारलंस, असं मी त्याला म्हटलं असतं तर पोर जिवाचं बरंवाईट करून घेतं. तू खंबीर होतीस. तू सोसशील, हे मला माहीत होतं."

"मी खंबीर होते, म्हणून?" तिला हसूच फुटलं... भयंकर हसू! "मी रडून गोंधळ घातला असता तर सुटले असते का हो, बाबा?"

त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. कपातला चहा हिंदकळत होता. मग ते इतक्या हळू बोलले, की तिला वाकून ऐकावं लागलं.

"आणि मी पाहिली नव्हती. तू हाळी दिलीस, आणि मी बसल्या जागेवरून म्हटलं, 'पाहिली'. उन्हं उतरायच्या आत पाणी आणायचं होतं, घाई होती. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि मीच उठलो नाही. तुझ्याकडे बघितलं की मला माझाच तो आवाज ऐकू यायचा. तो बंद व्हावा म्हणून तुझ्याकडे बघणंच सोडलं."

ज्याच्या रागापासून भावाला वाचवण्यासाठी तिने आपलं तारुण्य, आपला संसार, सगळं समुद्रात ओतलं, त्या माणसाला तर तेव्हाच सगळं कळलं होतं! मग तिने कुणाला वाचवलं? कुणालाच नाही. तो त्याग, ज्याच्या आधारावर ती रोज सकाळी उठत होती, त्याची कुणाला कधी गरजच पडली नव्हती. होतं एवढंच, की एका बापाला स्वतःची चूक टांगायला एक खुंटी हवी होती आणि ती आपणहून पुढे येऊन उभी राहिली होती.

"मला माफ कर," बाबा म्हणाले. "माफ करशील ना... कप्तान?"

आला! तो शब्द आला! कितीदा तिने मनाशी ऐकला होता तो, आणि आता आला तो फाडकन गालावर बसल्यासारखा. तिने मान दुसरीकडे वळवली.

"खाडी आली," ती म्हणाली. "आधी नांगर टाकू."

तिने सुकाणू हाती घेतलं. तेच खडक, तोच वाळूचा पट्टा, दुपारचं तेच लख्ख ऊन. शीड उतरलं. धाकटा डोळे पुसत पुढे गेला, नांगर पाण्यात सोडला, आणि थोड्या वेळाने त्याचा घोगरा आवाज आला, "बांधली!"

बाबा तिच्याकडे बघत होते. ती उठली, आणि नियमाप्रमाणे पुढे गेली. जेमतेम आठ पावलं. फास घट्ट होता, खीळ आत होती, शेपूट बाहेरच्या अंगाला होतं. बघायला दहा श्वाससुद्धा लागले नाहीत.

पण ती परतली नाही. ती तिथेच, नांगराच्या दोरावर हात ठेवून बसली. खरं सांगायचं तर माफ तिने तेव्हाच केलं होतं, कप्तान म्हणाले त्याच क्षणी. तिच्या रक्तात दुसरं काही नव्हतंच. पण एकोणीस वर्षं जिने वाट पाहिली, तिने त्यांना घटकाभर वाट पाहायला लावली तर काय बिघडलं? बसू देत थोडा वेळ, तिला वाटलं. कळू दे, उत्तराची वाट बघणं म्हणजे काय ते! आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाशी तरी दुष्टपणे वागत होती, आणि तिला ते चक्क बरं वाटत होतं.

मागून हाक आली, "कप्तान?"

तिने ती ऐकली. तिने दोराचा सैल भाग उचलला आणि त्याची सावकाश वेटोळी घालायला घेतली. एक, दोन, तीन... धाकटा गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होता. "ताई, जा ना गं," तो म्हणाला. "ते वाट बघतायत."

"जाते रे," ती म्हणाली. "एवढी काय घाई आहे?"

वेटोळं पुरं करून, हात समुद्राच्या पाण्यात धुऊन, पदराला पुसून ती मागे आली. बाबा उशीला टेकून बसले होते. डोळे उघडे, नजर पुढच्या खुंटाकडे. तो दोराचा तुकडा त्यांच्या मुठीत होता. शेजारी कप होता, आणि या वेळी तो तळापर्यंत प्यायलेला होता.

"पाहिली, बाबा," ती म्हणाली.

ते बोलले नाहीत.

"पाहिली, बाबा! ऐकलंत का? पाहिली... मी नीट पाहिली!" तिने त्यांचे खांदे धरून हलवले, तसं त्यांचं डोकं एका बाजूला कललं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने खडकांवरचे पक्षी उडाले. धाकटा धडपडत मागे आला. त्याने नाडी बघितली, नाकाशी हात धरला, आणि हाताने बाबांच्या पापण्या मिटवल्या.

"मला फक्त जराशी वाट बघायला लावायची होती रे!" ती कपाळ बडवून घेत म्हणाली. "जराशी! मी येतच होते... मी येतच होते!" मग तिने भावाचा दंड घट्ट पकडला. "माझ्याशी नाही ना बोलत ते? मग तू सांग. तुझं ऐकतात ते. सांग ना रे त्यांना... सांग, मी माफ केलं म्हणून!"

मग, एकोणीस वर्षं करत आला होता तसाच, तो बाबांच्या कानाशी वाकला.

"बाबा," तो म्हणाला, "ताई सांगतेय, माफ केलं."