झाकणाखालचा व्हॉल्व्ह

रेडिओच्या व्हॉल्व्हच्या काचेवर, आतल्या बाजूने, डोक्याशी चांदीसारखा एक डाग असतो. नखाएवढा, आरशासारखा चकचकीत. तो शोभेसाठी नसतो. काचेत उरलीसुरली हवा शोषून घ्यायला तिथे एका धातूचा पातळ थर बसवलेला असतो, आणि आतली पोकळी शाबूत आहे तोवर तो चकाकतो. काचेला केसाएवढी चीर गेली तरी आत हवा शिरते आणि डाग दुधासारखा पांढरा होतो. मग तो व्हॉल्व्ह मेला. हे कळायला मीटर लागत नाही, नुसतं पाहावं लागतं.

१९६४च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाला, नारूला, गिटारसाठी अँप्लिफायर घ्यायचा होता. निवडायचं काम त्याने माझ्यावर टाकलं, कारण मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलेली आणि डहाणूच्या एका शाळेत शास्त्र शिकवणारी. नारू बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. लग्नसराईत तो पार तलासरीपर्यंत हवाईयन गिटार वाजवायला जायचा: मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत. लग्नात सिनेमाची गाणी वाजवायचा, पण त्याचा जीव दुसरीकडे होता. डहाणू रोडला स्टेशनसमोर हिरूभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे त्याने शॉर्टवेव्हवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज ऐकलं होतं. त्याला तसा सूर हवा होता, गरम आणि उदास, पण धुतल्यासारखा स्वच्छ. लग्नाच्या कर्ण्यांतून तो निघत नव्हता.

हिरूभाईंकडे दोन यंत्रं होती. एक मुंबईहून आलेलं, नवं. दुसरं जुनं, लाकडी पेटीतलं. अच्छाडच्या नाक्यावर एका ट्रकवाल्याने ते धाब्यात ठेवलं होतं आणि न्यायला परत आलाच नाही, एवढंच हिरूभाईंना ठाऊक होतं.

मी नव्या यंत्राचे सगळे व्हॉल्व्ह काढून पाहिले. सगळे डाग चकचकीत होते. नारूने वाजवलं तर सूर नेमका आला, पण स्टीलच्या ताटासारखा, कडेला धार असलेला. मग जुनं लावलं. पहिलाच सूर आला आणि मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. तो सूर खोलीत आला नाही, खोली त्याच्यात गेली, असं काहीतरी वाटलं. शास्त्राच्या बाईने असं लिहू नये, पण वाटलं तेच लिहिते.

"जुओ बेन," हिरूभाई म्हणाले, "नवा मशीन आपण सांगेल ते ऐकते. जुना आपल्या मनाचा हाय."

जुन्या यंत्राचा पहिला व्हॉल्व्ह, जिथे गिटारचा क्षीण आवाज प्रथम मोठा होतो तो, पत्र्याच्या डबीसारख्या झाकणाखाली होता. बाहेरची घरघर आत येऊ नये म्हणून असं झाकण घालतात. ते गंजून घट्ट बसलेलं होतं. सूर इतका चांगला होता की मी ते काढलं नाही. बाकीचे पाहिले आणि वहीत लिहिलं: सर्व ठीक.

शनिवारपर्यंत ठेवून पाहायला दोन्ही यंत्रं आम्ही घरी आणली.

शनिवार मला आधीच नकोसा झाला होता.

आमचा थोरला भाऊ भीमादादा दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात होडी घेऊन गेला आणि परतला नाही. बरोबर आणखी दोघं होते. होडीची एक फळीही किनाऱ्याला लागली नाही. आमच्याकडे समुद्रात हरवलेल्या माणसाला तिथी नसते. घरातलं कुणीतरी तोंडाने 'गेला' म्हणतं, तो त्याचा दिवस. मग बायकोच्या बांगड्या उतरतात, तेरावं होतं, तिला दुसरा पाट लावायला वाट मोकळी होते. तोवर ती सवाष्णच. त्या दोघांच्या घरी महिन्याभरात बोलून झालं होतं. आमचे वडील आधीच वारले होते, म्हणून आय, म्हणजे आमची आई सोनूबाई, हा शब्द माझ्यावर सोपवून बसली. शिकलेलीने बोलावं, असं तिचं म्हणणं. मी उंबरगावपासून वेरावळपर्यंतच्या बंदरांना पत्रं लिहिली. कुठूनच काही कळलं नाही. आय विचारायची तेव्हा मी म्हणायचे, पुरावा नाही. मला ते प्रामाणिकपणाचं वाटायचं.

त्या प्रामाणिकपणाचं भाडं भीमादादाची बायको, मैनावहिनी, भरत होती. चोवीस वर्षांची. दोन वर्षं हिरव्या बांगड्या घालून बोंबील वाळवत होती, आणि रोज जेवताना एक ताट जास्त वाढत होती. जानेवारीत चिंचणीचा बाळ्या तांडेल तिला मागायला आला. बायको वारलेला, स्वतःची होडी, चार वर्षांची मुलगी. सगळे तिला धाकली म्हणत. बोलणी चालली असताना धाकली वहिनीच्या मांडीवर झोपून गेली. वहिनीला पाय हलवता येईना, आणि तिने तो हलवलाही नाही. दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. जाताना बाळ्याने शांतपणे सांगितलं होतं की शनिवारी चार वाजता तो उत्तराला येईल, त्यानंतर विचारणार नाही. राग नाही, पण पोरीला आई पाहिजे.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी ओटीवर जुनं यंत्र तपासायला घेतलं. जुने व्हॉल्व्ह आतून सैल झाले की काचेवर टिचकी मारली तरी ती स्पीकरमधून टणकन ऐकू येते. म्हणून पेन्सिलीने ठोकून पाहतात. मी झाकणावर दोनदा ठोकलं. स्पीकरमधून दोन ठोके आले.

मग थोडं थांबून, आणखी एक.

मी पुन्हा ठोकलं. दोन. आणि एक. मागचा ठोका माझ्या दोन्हींपेक्षा जड होता, लाकडावर बोटाचं हाड आपटावं तसा. कुठेतरी सांधा सैल असेल, तापून सुटत असेल, असं ठरवून मी सगळं थंड होऊ दिलं. मग पुन्हा तेच केलं. अकरा वेळा ठोकलं आणि अकराही वेळा वहीत मांडलं. एकदा ठोकलं तर काही परत येत नव्हतं. तीनदा ठोकलं तरी नाही. दोनदा ठोकलं की मात्र एक येई. नव्या यंत्रावर यातलं काहीच झालं नाही.

वर पाहिलं तर वहिनी दारात उभी होती. हाताला मासळीचे खवले तसेच.

"एक म्हणजे थांबा," ती म्हणाली.

मला ते सांगायची गरज नव्हती. घोळ माशांचा थवा पाण्याखाली गुरगुरतो. तो ऐकायला एक जण वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांडा कानाला लावतो. त्या वेळी होडीत कुणी बोलत नाही. ऐकणारा फळीवर बोटाने सांगतो. एक ठोका, थांबा. दोन, पुढे चला. तीन, जाळं सोडा. डहाणूच्या बंदरात भीमादादासारखा कान कुणाचा नव्हता. लहानपणी तो घरातही असंच बोलायचा. नारूने जेवणाची घाई केली की पाटावर एकदा ठोकायचा.

मी वहिनीला सैल सांध्याबद्दल समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सांधा एकदाच का ठोकतो, चंद्राताई?"

मी वही मिटली.

गुरुवारी वहिनीने आयला सांगितलं की बाळ्याला येऊ नका म्हणून निरोप धाडा. आयने निरोप धाडला नाही. ती फक्त माझ्याकडे पाहत राहिली, आणि त्या दिवशी मी शाळेत दोन वर्गांना एकच धडा शिकवला. नारूला यातलं काही ऐकायचं नव्हतं. संध्याकाळी तो जुन्या यंत्रावर वाजवत बसला. त्याला हवा होता तो सूर आता पुरता सापडला होता.

"मास्तरीणबाई, तुझी वही बाजूला ठेव," तो म्हणाला. "हाच घ्यायचा. नव्यावर वाजवलं तर लोकांना वाटेल तव्यावर उलथणं घासतोय."

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की त्याने कांडी उचलली आहे आणि सूर अजून चालू आहे. घड्याळात मोजलं. बावीस सेकंद.

शुक्रवारी घरी आले तेव्हा वहिनी यंत्रासमोर बसली होती. जास्तीचं ताट तिने स्पीकरपुढे वाढून ठेवलं होतं. डोकं तिरकं, कान स्पीकरच्या कापडाला लावलेला. भीमादादा वल्हं कानाला लावायचा, अगदी तशी. काय ऐकू येतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पाणी."

मीही कान लावला. घरघर होती, विजेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रात असते तशी. तिच्या खाली, फार खोल, काहीतरी थांबून थांबून गुरगुरत होतं. मी कान काढला आणि वहीत काही लिहिलं नाही.

शनिवारी दुपारी ऊन पांढरं पडलं होतं. आय ओट्यावर बसलेली. पावणेचार झाले. नारू नवं यंत्र परत नेण्यासाठी पोत्यात बांधत होता. वहिनी जुन्या यंत्रापाशी होती, तशीच, पारोशी, केस सुटलेले.

तिने झाकणावर दोनदा ठोकलं.

एक.

पुन्हा दोनदा. तेव्हा मला कळलं, ती पुढे जायची परवानगी मागत होती. तोवर मी समजत होते की तिला थांबायचंच आहे.

एक.

"दोन ठोका ना," ती अगदी हळू म्हणाली. "एकदा तरी दोन ठोका."

एक.

मग तिने हात मागे घेतला. कुणीही काहीही ठोकलं नाही.

एक.

एक.

बाहेर वाळूत पावलं वाजली. धाकलीचा आवाज आला, ती वहिनीला नावाने हाक मारत होती.

एक.

मी बटण बंद केलं. मग भिंतीतून प्लग ओढून काढला. मागच्या बाजूचे तांबूस दिवे मंदावले आणि विझले.

एक.

नारू पोत्याची सुतळी हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की तोही ऐकतो आहे.

मी पदराने ते पत्र्याचं झाकण धरलं आणि पिळलं. हिरूभाईंच्या दुकानात पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते. गंज मोडला, झाकण निघालं. चार दिवसांत मी त्यावर कितीतरी वेळा ठोकलं होतं, आणि खाली काय आहे ते पाहिलं नव्हतं.

व्हॉल्व्ह ओढून काढला. तासभर चाललेला व्हॉल्व्ह हाताला पोळतो. हा गार होता, पहाटेच्या ओल्या वाळूसारखा. मी तो दाराच्या उजेडात धरला.

डाग पांढरा होता. दुधासारखा, कडेपासून कडेपर्यंत. काचेतली चीर जुनी होती. तिच्यात मळ बसला होता, आणि तो मळ चार दिवसांचा नव्हता. या व्हॉल्व्हमधून कुठलाच सूर कधी मोठा झाला नसता. नारूची गिटार नाही, माझी पेन्सिल नाही.

बाळ्या तांडेल पायरीशी येऊन थांबला. धाकली त्याच्या खांद्यावर होती. आयने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी मूठ मिटली.

मुठीतली काच हलकेच वाजली. एकदा.

"नारू, नवा ठेवायचा," मी म्हटलं. मग आयकडे वळले.

"आय, भीमादादा गेला."