कानामागची हळद

साखरा गावचा नवरदेव दुपारी येणार होता, आणि दुपारी जो आला त्याचा चेहरा हळदीने पिवळाधमक होता. त्यामुळे पल्लवीने काही विचारलंच नाही. हिंगोलीच्या डेपोसमोर पार्लर चालवणाऱ्या पोरीला एवढं तरी कळायला पाहिजे.

"बसा," ती म्हणाली.

खुर्ची सुटून कुठेतरी जाणार असल्यासारखा तो तिचे दोन्ही दांडे धरून बसला. डोळे मात्र फार वाईट होते. म्हणजे... चांगले होते. दुसरीचा नवरदेव, आणि असले डोळे. पल्लवीने घाईने कापूस उचलला.

मेकअपआधी चेहरा कोरा करायचा, हा तिचा नियम. तिने क्लेन्झिंग मिल्क लावलं, पुसलं. बोळ्यामागून बोळे पिवळे निघत राहिले.

"कितीक हळद लावली हो तुमाला?"

"कुणी लावली न्हाई. आपली बसते."

पल्लवीला हे समजलं नाही. तिने विषय बदलला. "नवरी कशी हाय?"

"चांगलीच आसंल. मी एकदाच पाह्यली, जीपमधी, मागून."

"मंग लग्न लागल्यावर काय करनार?"

"जेवणार. मंग घरी."

"आन नवरी?"

"तीबी जेवंलच की."

अशा माणसाशी संसार करणाऱ्या त्या मुलीची पल्लवीला दया आली. मग हेवा वाटला. दोन्ही एकदम का वाटतंय, ते काही उमगेना. तिने टोनर लावला. क्रीम मात्र आधी कानामागे थोडंसं, कुणाची कातडी कशी निघेल सांगता येत नाही.

"आग होऊन राहिली का?"

"व्हय."

"कानामागं?"

"न्हाई..." तो आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला. "तिथं न्हाई."

पल्लवीचा हात थांबला. "लाज वाटत न्हाई का? आज लग्न हाय तुमचं."

तो पहिल्यांदाच गोंधळला. "माझं? कुणी ठरवलं?"

तेवढ्यात दारातून एक डोकं आत आलं. "धम्मानंद, दुखते का रे?"

"न्हाई दुखत, भाऊ. या."

हा भीमराज, खरा नवरदेव. पार्लरात नेमकं काय करतात या धास्तीने तो शेजारच्या रसवंतीत बसला होता आणि मामेभावाला आधी पाठवून दिलं होतं. मामेभाऊ मार्केट यार्डात हळद पॉलिश करायच्या ड्रमवर कामाला, त्यामुळे बारा महिने नवरदेवच दिसायचा. भीमराज सकाळी साबण लावून चकचकीत झालेला, म्हणून तो कुणाचाच कुणी वाटत नव्हता.

पल्लवीने भीमराजला इतक्या आनंदाने सजवलं, की तो बिचारा आणखी घाबरला.

लग्नाची गडबड सरल्यावर धम्मानंद परत आला. पिवळा.

"आता कुणाचं लग्न?"

"कुणाचंच न्हाई. पर लोक रस्त्यात इचारतात, नवरी कोण म्हणून..." तो आरशाला म्हणाला. "काय सांगू, तेच इचारायला आलो."

पल्लवीने कापूस घेतला. तिने कपाळ पुसलं, गाल पुसले, हनुवटी – एकदा पुसलेली, तरी पुन्हा. चेहरा कोरा झाला. कानामागचा पिवळा ठिपका तेवढा तिने तसाच ठेवला.

"तिथलं राहिलं," तो म्हणाला.

"राहिलं न्हाई. ठेवलं." तिने कापसाच्या डबीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "आता कुणी इचारलं तर... जिनं ठेवलं, तिचं नाव सांगा."