शर्टाची दुसरी बाही

गाडी कुणाचीही असो, मिस्त्री आधी तिच्याखाली कोरा पुठ्ठा सरकवायचे आणि मग निवांत चहा प्यायचे. चहा संपेपर्यंत पुठ्ठा सगळं सांगून टाकतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दुपारी पुठ्ठा लेकीच्या गाडीखाली होता. तिला डोंगरापलीकडे काकूकडे जायचं होतं. ऑइलचे सगळे पाइप मिस्त्रींनी कालच नवे घातले होते.

तरी पुठ्ठ्यावर एक थेंब पडलेला दिसला.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. नव्या पाइपाला निळी चिंधी बांधलेली होती, तेलानं निथळणारी. गाठ डाव्या हातानं मारलेली. गॅरेजात डावखुरे ते एकटेच.

अशीच चिंधी त्यांनी वर्षापूर्वी धाकट्या भावाच्या गाडीत बांधली होती. गळका पाइप बदलायचा कंटाळा आला. खुंटीवरच्या जुन्या शर्टाची एक बाही फाडून गुंडाळली आणि "रविवारी बदलू," म्हणत वेळ मारून नेली. तेल तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकत राहिलं. चढावर इंजिनानं पेट घेतला. भाऊ, गाडी, चिंधी, सगळ्याची राख झाली. वायरिंगमुळे झालं असेल, असं लोक म्हणाले आणि मिस्त्रींनी खुशाल मान डोलावली.

त्यांनी गाठ सोडली. आतला पाइप कोरडा ठणठणीत... चिंधी मात्र गरम होती.

"बाबा, निघू ना?"

"गाडी नको नेऊस. बसनं जा."

"अहो, कालच तर पाइप बदललेत तुम्ही!"

तिला अडवायला आता खऱ्याशिवाय काही उरलं नव्हतं.

"काकाच्या गाडीत... चिंधी मी बांधली होती. गळतंय, हे ठाऊक होतं मला."

"काकूला तुम्ही सांगणार, की मी सांगू?" लेक एवढंच बोलली, किल्ली टेबलावर ठेवली आणि समोरच्या थांब्यावर बसमध्ये चढली. मागे वळूनही पाहिलं नाही. ती आता परत येणार नाही, हे मिस्त्रींना कळलं. पण पोरीचा जीव तरी वाचला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

बस चढाला लागली. मिस्त्रींनी चिंधी खुंटीवरच्या शर्टाला लावून पाहिली. वर्षापूर्वी फाटलेल्या खांद्याशी ती धाग्याला धागा जुळली.

दुसरी बाही सकाळपर्यंत शाबूत होती. आता ती नव्हती. शर्टाखालून तेलाचे थेंब निघाले होते, ते दारातून बाहेर पडून रस्ता ओलांडत बसच्या थांब्यापर्यंत गेले होते.