कोरडा स्वयंपाक

अक्काच्या मुलाला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. नात बघायला म्हणून अक्का मुलाकडे गेली ती महिनाभर राहिली. परत आली तेव्हा मुलगा सोडायला आला होता. आईने चहा टाकला आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नुसता बघत राहिला. चहा कपात पडेपर्यंत त्याचं मन ठरलं होतं.

"आई, हे घर बंद कर आणि चल माझ्याकडे. या स्वयंपाकघराच्या बोळात तुझ्या गुडघ्यांचं काही खरं नाही."

"स्वयंपाकघर अडचणीचं म्हणून कोणी घर सोडतं होय? दुरुस्त करून घेईन."

"घे. दोन महिने देतो. मी स्वतः येऊन बघणार. नाही जमलं तर मुकाट्याने निघायचं."

तो गेला आणि अक्काने धाकट्या भावाला फोन लावला. हा भाऊ मिस्त्री होता. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरी ओटे, फळ्या आणि कपाटं बसवली होती. सख्ख्या बहिणीचं स्वयंपाकघर मात्र होतं तसंच राहिलं होतं. साठी उलटली होती, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच होता, तरी अक्का त्याला छोट्या म्हणायची.

"छोट्या, माझ्याकडे पैसे थोडे आहेत. मुलाकडून एक रुपया घेणार नाही. आणि मला या घरातून हलायचं नाही. आता बघ तू काय ते."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी टेप आणि वही घेऊन हजर झाला. स्वयंपाकघर अकरा फूट लांब आणि जेमतेम पाच फूट रुंद. दोन फूट ओट्याने खाल्लेले. सिंक या टोकाला, शेगडी त्या टोकाला, तीही खिडकीखाली, म्हणजे वारा आला की ज्योत आडवी. फ्रिज दारामागे, दार लावल्याशिवाय तो उघडायचा नाही. मिस्त्रीने अक्काला एक कप चहा करायला सांगितला आणि पावलं मोजली. सव्वीस झाली. दोन माणसं त्यात कधी मावलीच नाहीत. अक्काचा नवरा होता तोवर तोही बाहेर उभा राहून चहा मागायचा आणि तिथेच प्यायचा.

मागच्या भिंतीपलीकडे एक अंधारी कोठी होती. तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि जुने डबे पडले होते. मधली भिंत साडेचार इंची, नुसत्या आडोशाची. मिस्त्रीने ठोकून पाहिली आणि म्हणाला, "ही पाडू. मग तुला स्वयंपाकघरात फुगडी घालता येईल."

"गुडघे कोण देणार, तू?"

भिंत पाडायला दोन दिवस लागले. जुना ओटा निघाला. त्याचा दगड मधोमध तडकला होता, पण अर्धा कामाचा निघाला. बाकीचा मिस्त्रीने आपल्या दुसऱ्या कामावरून उरलेला आणला. हा काळा, तो हिरवट.

"कोणी विचारलं तर फॅशन आहे म्हणून सांग," तो म्हणाला.

"सांगेन, माझ्या भावाने डोळे मिटून निवडला."

अडलं ते सिंकपाशी. नळवाला येऊन बघून गेला. सांडपाण्याचा पाइप एका टोकाला होता. सिंक तिथेच ठेवलं तर चालणं तेवढंच राहणार, आणि जवळ आणायचं तर बाहेरच्या खोलीची फरशी फोडत पाइप न्यायला हवा. तेवढा खर्च झेपण्यासारखा नव्हता. मिस्त्रीने तीन नकाशे काढले, तिन्ही फाडले.

मग त्याने आपल्या नेहमीच्या पद्धतीने जायचं ठरवलं. ही पद्धत त्याच्या उस्तादांची. बाईला विचारू नये, तिच्या हाताला विचारावं, असं ते सांगायचे. रिकाम्या खोलीत विटांवर फळ्या मांडून खोटा ओटा करायचा. बाईने तळहात खडूच्या पुडीत बुडवायचे आणि भांडी, पाणी, विस्तव काहीही नसताना रोजचा सगळा स्वयंपाक करायचा. जिथे हात जाईल तिथे पांढरा ठसा उमटतो. मिठाचा डबा कुठे हवा, सुरी कुठे हवी, ते ठसेच सांगतात. याला ते कोरडा स्वयंपाक म्हणायचे. त्याचा एकच नियम होता. बाई आत एकटी हवी. दुसरी कोणी आली की माप बिघडतं.

दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन थेट भिंतीवर आलं होतं. ओल्या गिलाव्याचा वास होता. मिस्त्री दारात स्टूल टाकून बसला.

"लोक म्हणतील, म्हातारीला खूळ लागलं," अक्का हसत म्हणाली.

"बोलू नकोस. कर."

आधी तिने जरा नाटकीपणाने नसलेले तांदूळ धुतले. मग हात आपोआप चालायला लागले. नसलेला कांदा चिरला. नसलेल्या कढईत मीठ टाकलं, चव घेतली, पुन्हा चिमूटभर टाकलं. चेहरा शांत झाला. मिस्त्री पावलं मोजत होता.

बाराव्या पावलाला अक्का अंग चोरून भिंतीकडे सरकली, क्षणभर थांबली आणि पुन्हा पुढे गेली.

मिस्त्रीने वहीत बारा लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

थोड्या वेळाने ती परत तशीच सरकली. या वेळी उलट्या बाजूला.

काम संपल्यावर त्याने विचारलं, "तू मध्येच बाजूला का होत होतीस?"

"झाले का?" अक्काने हात झटकले. "सवय असेल."

मिस्त्रीने वहीतल्या प्रश्नचिन्हाकडे पुन्हा पाहिलं. एकतीस वर्षं ज्या बोळात एकटीने स्वयंपाक केला, तिथे कोणाला वाट द्यायची सवय लागणार?

अक्का बाहेर जाऊन बसली. मिस्त्री ठसे मोजू लागला. अक्काचा ठसा ओळखायला सोपा होता. लहानपणी झोक्यावरून पडून तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली होती. झोका त्यानेच जोरात दिला होता. त्या वाकड्या करंगळीचे ठसे ओट्यावर, फळीवर, डाव्या भिंतीवर जिथे असायला हवेत तिथेच होते. तो एकेक मोजत कोठीच्या कोपऱ्यापर्यंत आला.

तिथेही ठसे होते. चार. बाकीच्यांपेक्षा तीनेक इंच खाली. तळवा लहान, बोटं बारीक. करंगळी सरळ.

त्याने आपला हात जवळ नेऊन पाहिला. त्याचा पंजा त्या ठशाच्या दुप्पट होता. नळवाला येऊन गेला तेव्हा या भिंतीला गिलावाही झाला नव्हता. खडूची पुडी तर आजच फोडली होती.

"अक्का, या कोपऱ्यात कशाला आली होतीस?"

"कुठे?" ती उठून दारात आली. "नाही रे. मी तिकडे गेलेच नाही. भांडी घासायचं राहिलंच की माझं."

ती ठशांकडे बघत राहिली. घाबरली नाही. हात पुसत पुसत म्हणाली, "पण सिंकला जागा छान आहे. इथेच कर."

"इथे पाइप कुठून आणू?"

"ते तू बघ. मिस्त्री तू आहेस."

दुसऱ्या दिवशी नळवाला आला. मिस्त्रीने त्याला तो कोपरा दाखवला. नळवाला म्हणाला, "मामा, उगाच फोडायला लावताय," आणि त्याने छिन्नी धरली. चौथ्या घावाला फरशीखाली पोकळ वाजलं. खाली खापरी पाइप होता, चांगला चार इंची, बाहेरच्या गटाराकडे उतार दिलेला. त्याने बादलीभर पाणी ओतलं. सरसर निघून गेलं.

"मामा, हा पाइप आहे हे ठाऊक होतं, मग आठ दिवस माझं डोकं कशाला खाल्लंत?"

ठाऊक कोणालाच नव्हतं. अक्का एकतीस वर्षं त्या घरात राहत होती आणि कोठीत पाणी कधी आलंच नव्हतं. तरी बादली ओतायच्या आधीच पाइपाच्या तोंडाला आतून ओल होती, हे मिस्त्रीने बोट फिरवून पाहिलं होतं. साबणाचा मंद वास येत होता.

त्याला ते ठसे पुसता आले असते. पण खर्च वाचला होता, आणि चाळीस वर्षांत ठशांनी त्याला कधी फसवलं नव्हतं. त्याने सिंक त्या कोपऱ्यात बसवलं. ठशांच्या मापाने, म्हणजे ओट्यापेक्षा तीन इंच खाली.

स्वयंपाकघर सात आठवड्यांत तयार झालं. शेगडी खिडकीपासून दूर, फ्रिज मोकळा, दार बाहेर उघडणारं. जुन्याच कपाटांच्या झडपा तासून, रंगवून लावल्या होत्या. एका कप चहाला आता सहा पावलं लागायची. अक्का पहिल्या दिवशी ओट्यावर नुसता हात फिरवत बसली. काळ्या आणि हिरवट दगडाच्या सांध्यावर तिचं बोट पुन्हा पुन्हा जायचं. मिस्त्रीला वाटलं, आयुष्यात इतकं चांगलं काम आपण दुसरं केलं नाही.

भाचा ठरल्या दिवशी आला. त्याने खुर्ची ओढून स्वयंपाकघरातच ठिय्या दिला. मिस्त्रीलाही बोलावून घेतलं होतं. अक्काने भात टाकला, बटाट्याची भाजी केली, मध्येच दोघांना चहा दिला. धाप लागली नाही की भिंतीला टेकली नाही. एकदा अंग चोरून सरकली, तेव्हा मिस्त्रीने नजर दुसरीकडे वळवली.

"मानलं, मामा," भाचा म्हणाला. "फक्त सिंक जरा खाली झालंय. आईला वाकायला लागेल."

"नाही लागत," अक्का म्हणाली.

जेवणं बाहेरच्या खोलीत झाली. भाच्याने ताट उचलून सिंककडे नेलं. कढई, पातेलं, चहाचे कप, सगळं घासून पालथं घातलेलं होतं. पाणी निथळत होतं.

"आई, हे कधी घासलंस?"

"आत्ताच की."

मिस्त्री तिच्या शेजारीच बसला होता. ती जेवताना उठली नव्हती. तिचे हात कोरडे होते.

भाच्याने दारात येऊन मामाकडे पाहिलं. जे काय बोलायचं ते आताच बोलायला हवं होतं. मिस्त्रीने तोंड उघडलंही. पण शेजारून अक्का त्याच्याकडे अशी बघत होती, जशी लहानपणी आईसमोर बघायची. सांगू नकोस, एवढंच त्या नजरेत असायचं. करंगळी मोडली तेव्हाही तिने आईला सांगितलं नव्हतं की झोका कोणी दिला.

"तिचा हात भारी चपळ आहे," मिस्त्री म्हणाला. "आपल्याला कळतही नाही."

भाचा संध्याकाळच्या गाडीने परतला. अक्का राहिली.

त्याला पोचवून आल्यावर मिस्त्रीने तिला एकटीला गाठून विचारलं, "अक्का, खरं सांग. तुला इथे भीती नाही ना वाटत?"

"कशाची?"

"एकटीला."

अक्काने जरा विचार केला. मग हसून म्हणाली, "आता जागा झाली ना, छोट्या. इतकी वर्षं बिचारी कुठे उभी राहणार होती?"

मिस्त्रीने कोपऱ्यातल्या सिंककडे एकदा पाहिलं आणि चपला घातल्या.

पुढची चार वर्षं चांगली गेली. अक्काचं वजन थोडं वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं. मिस्त्री आठवड्यातून एकदा जेवायला यायचा. त्याला तिथे शांत वाटायचं. दोन माणसांच्या मापाचं काम आपण केलंय हे त्याने मनाशी मान्य करून टाकलं होतं, आणि फार खोलात जायचं नाही हेही.

चौथ्या वर्षी एका बुधवारी दुपारी त्याने तिला फोन केला. वरच्या कपाटाची बिजागरी सैल झाल्याचं ती मागे म्हणाली होती. फोन उचलला गेला. हॅलो आलं नाही, पण त्यात नवल नव्हतं. हात कामात असले की अक्का स्पीकरचं बटण दाबून फोन ओट्यावर ठेवून द्यायची आणि सवडीने बोलायची. नळाचं पाणी पडत होतं. ताटावर ताट ठेवल्याचा आवाज आला.

"अक्का, चालू दे तुझं. मी सांगतो ते ऐक नुसतं." त्याने दाढ काढल्याची हकीकत सांगितली. डॉक्टरची नक्कल केली. स्वतःच हसला. "उद्या येतो, बिजागरी घेऊन."

पाणी बंद झालं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. कोणीतरी लक्ष देऊन ऐकत असावं तसं. मग ताटं पुन्हा वाजू लागली.

त्याने समाधानाने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी तो पोचला तेव्हा दार उघडेना. शेजारणीकडे किल्ली होती.

अक्का पलंगावर कुशीवर होती. चेहरा झोपेतला, निवांत. चष्मा घडी करून उशाशी ठेवलेला. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचलेलं होतं. पाठीमागच्या बाजूनेही.

डॉक्टर आले. त्यांनी बराच वेळ तपासलं.

"यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"काल दुपारी. फोनवर."

"बोलल्या त्या?"

मिस्त्रीने आठवून पाहिलं. "मी बोललो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली, खुर्ची ओढली आणि कागद भरायला घेतला. मिस्त्रीने तो नंतर खिडकीपाशी उजेडात नेऊन वाचला.

अक्का मंगळवारी संध्याकाळी, सहाच्या सुमारास वारली.